आंबोलीत चार रात्री, एका चापड्याच्या शेजारी

सातवी-आठवीच्या वर्गांना मी सव्वीस वर्षे विज्ञान शिकवले. त्या काळात गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि गरुड ही साखळी फळ्यावर किती वेळा काढली, याची मोजदाद नाही. बाणाचे टोक कोणत्या बाजूला काढायचे यावरून दर वर्षी अर्धा वर्ग गोंधळायचा, आणि ऊर्जा ज्याच्याकडे जाते त्याच्याकडे टोक, म्हणजे खाणाऱ्याकडे, हे मी दर वर्षी तितक्याच ठामपणे सांगायची. सापाने बेडूक खाताना मात्र मी एकदाही पाहिले नव्हते. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच श्रावणात भाचा कॅमेरा घेऊन आंबोलीला निघाला, तेव्हा त्याच्या गाडीत मागे बसून मीही निघाले, ते मनात हीच खंत ठेवून.

पहिला दिवस : सांगली ते आंबोली

आम्ही संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा या रस्त्याने गेलो. पूर्वेकडून आंबोली गाठण्याचा एक फायदा असा, की पाऊस कसा वाढत जातो ते टप्प्याटप्प्याने दिसते. संकेश्वरजवळ उसाच्या शेतांवर नुसती भुरभुर होती, गडहिंग्लजला हिरण्यकेशी नदी लाल गढूळ पाण्याने भरून वाहत होती, आजऱ्यापासून पुढे काजूच्या आणि रानाच्या गर्दीत गाडीचे दिवे लावावे लागले, आणि आंबोलीत शिरताना समोरची म्हैससुद्धा अगदी जवळ आल्यावर दिसली. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीच्या भिंतीला धडकते, वर चढताना थंड होते आणि आपले ओझे इथेच टाकते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरणाऱ्या हवेकडे देण्यासारखे फारसे उरत नाही, म्हणून तासाभराच्या अंतरावर वेगळी माती, वेगळी पिके आणि वेगळी झाडे दिसतात.

टॅन्स्ली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये ‘इकोसिस्टिम’ हा शब्द वापरला, तेव्हा त्याचा आग्रह हाच होता, की सजीवांना त्यांच्या भोवतालच्या हवा, पाणी, दगड यांपासून तोडून समजून घेता येणार नाही. पाठ्यपुस्तकात ‘जैविक घटक’ आणि ‘अजैविक घटक’ असे दोन रकाने असतात. आजरा ते आंबोली या रस्त्यावर त्या दोन रकान्यांमधली रेघ पुसली जाताना दिसते.

आम्ही उतरलो ते घर गावापासून थोडे आत, ओढ्याच्या काठी होते. घरच्या काकूंनी गरम पाणी दिले, कुळथाची पिठी आणि भात वाढला, आणि मग विचारले, “श्रावण पाळतास मां? मगे उद्या अळंबी करतंय.” कुर्ल्यांचा बेत त्यांनी आमच्यासाठी बाजूला ठेवला होता, हे नंतर भाच्याकडून कळले. त्याने तो एकट्याने उरकला.

रात्री नऊला वाटाड्या आला. पंचविशीतला मुलगा, पायात गमबूट, हातात मोठी विजेरी. मी शिक्षिका होते हे कळताच त्याने मला ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली आणि मला एकदम वर्गात आल्यासारखे वाटले. घरामागे ओढ्यालगत कारवीचे रान होते. दहा पावलांवर त्याने विजेरी एका फांदीवर स्थिर केली. फांदीवर, माझ्या कमरेच्या उंचीवर, शेवाळी हिरव्या अंगावर तपकिरी डाग असलेला साप वेटोळे करून बसला होता. मलबार चापडा. त्याचे त्रिकोणी डोके ओढ्याच्या दिशेने रोखलेले होते. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता टिपणारा खळगा असतो, तो वाटाड्याने दुरूनच दाखवला. आम्ही पाऊण तास थांबलो. चापडा तसूभरही हलला नाही. भाच्याने चाळीसेक छायाचित्रे काढली आणि ती सगळी सारखीच आली.

“उद्या असेल का तो?” मी विचारले.

“तो खंय जातलो? थंयच असतलो,” वाटाड्या म्हणाला.

*सूचना :* चापडा विषारी आहे आणि रंगाने पानांत पूर्ण मिसळून जातो. रात्री आंबोलीत एकट्याने फिरू नये, फांदीला हात लावून आधार घेऊ नये, आणि कोणी ‘साप हातात धरून फोटो काढू’ म्हणाले तर तिथून निघून जावे. सँडल किंवा फ्लोटर्सऐवजी गमबूट घ्यावेत. ते गावातही मिळतात.

दुसरा दिवस : चौकुळचा सडा

सकाळी घावणे आणि चहा घेऊन आम्ही चौकुळकडे गेलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. लांबून तो ओसाड वाटतो, आणि बहुतेक पर्यटक गाडीतून उतरून, धुक्यात दरी दिसत नाही म्हणून हळहळून, परत फिरतात. माझ्या मते आंबोलीत सर्वांत अधिक वेळ द्यावा असे ठिकाण हेच आहे. पण इथे गुडघे टेकून पाहावे लागते.

जांभा कसा होतो हे कळले, की वरचे सगळे आपोआप उलगडते. लाखो वर्षांच्या पावसाने बेसाल्टमधले चुना, पोटॅश, सिलिका असे विरघळण्यासारखे सगळे वाहून नेले आणि मागे लोह व अॅल्युमिनियमची ऑक्साइडे उरली. लाल रंग लोहाचा. वरती मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. चार महिने हा थर पाण्याखाली असतो आणि नत्र त्यात टिकत नाही. ऑक्टोबरनंतर तोच दगड तव्यासारखा तापतो. ज्या जागी पाणी अती किंवा शून्य आणि खत जवळजवळ नाही, तिथे कोण राहील?

उत्तर पायाशी पसरलेले होते. उघड्या दगडावर काळसर थर होता, ज्याला मी आजवर मळ समजत असे. ते नीलहरित जिवाणू आहेत, आणि त्यांतले काही हवेतला नत्र थेट पकडून जमिनीला देऊ शकतात. त्यांच्यानंतर दगडफूल, मग शेवाळ, मग शेवाळात अडकलेल्या चिमूटभर मातीत गवत. परिसंस्था ‘शून्यातून’ कशी उभी राहते हा धडा मी नेहमी ज्वालामुखीच्या बेटाचे उदाहरण देऊन शिकवला. तो सांगलीपासून काही तासांच्या अंतरावर, एकाच दगडावर, टप्प्यांसह मांडून ठेवलेला आहे हे मला ठाऊक नव्हते.

थोडी माती साचलेल्या ओल्या भागात गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या आणि सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा होता. सीतेची आसवे हे नाव जितके हळवे, तितके ते झाड हळवे नाही. जमिनीखाली त्याच्या धाग्यांना टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या दाराशी टेकला, की दार आत उघडते आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी तो पाण्यासकट आत ओढला जातो. शेजारीच दवबिंदूचे रोप होते, पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यांत अडकलेले एक चिलट. या वनस्पतींना ऊर्जेसाठी मांस लागत नाही, ऊर्जा त्या इतर झाडांसारखी उन्हातूनच घेतात. त्यांना हवा असतो कीटकाच्या अंगातला नत्र. ही गोष्ट मुलांच्या डोक्यात उतरवायला मला नेहमी जड जायचे: ऊर्जा आणि द्रव्य ही दोन वेगळी खाती आहेत. ऊर्जा सूर्याकडून येते, एका जिवाकडून दुसऱ्याकडे जाताना उष्णता होऊन निसटते आणि परत येत नाही. नत्र, स्फुरद, कॅल्शियम मात्र तेच ते फिरत राहते. सड्यावर ऊन फुकट आहे आणि टंचाई दुसऱ्या खात्यात आहे, म्हणून फुलाने शिकार सुरू केली.

आंबोलीचा टोड पाहण्याची माझी इच्छा जवळजवळ राहून गेली होती. हा जगात फक्त याच भागात सापडतो, त्याचे शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झाले, आणि तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. जूनच्या पहिल्या पावसांत सड्यावरच्या उथळ डबक्यांत तो एकदम मोठ्या संख्येने अंडी घालतो, कारण डबके आटण्याआधी पिल्लांचे पाय फुटायला हवेत. आम्ही दोन महिने उशिरा आलो होतो. परतताना मात्र रस्त्याच्या कडेला एक दिसला, अंगठ्याएवढा, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा. तो रस्ता ओलांडेपर्यंत वाटाड्याने मोटारसायकल आडवी लावून मागची गाडी थांबवली. गाडीतल्या माणसांना कारण समजले नाही आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले.

दुपारी अळंबी. वारुळावर उगवणारी ही छत्री म्हणजे वाळवीची शेती होय. लाकडातला कठीण भाग वाळवीला स्वतःला पचत नाही, म्हणून ती वारुळात भुश्शाचे वाफे करून त्यावर बुरशी वाढवते आणि बुरशीने मऊ केलेले खाते. पावसाळ्यात त्याच बुरशीच्या छत्र्या जमिनीवर येतात. काकूंनी त्या ओले खोबरे आणि त्रिफळ घालून केल्या होत्या, सोबत तांदळाची भाकरी. जंगलात पडलेले एखादे लाकूड दोन हातांतून माझ्या ताटात आले होते, आणि ते फार चविष्ट होते.

रात्री चापडा तिथेच होता. त्याच फांदीवर, त्याच दिशेला तोंड करून.

*सूचना :* सड्यावर चालताना उघड्या दगडावरून चालावे. ओल्या मातीवरचे एक पाऊल एका हंगामाची रोपे चिरडते. फुले पाहायची असतील तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, बेडूक-टोड पाहायचे असतील तर जून-जुलै. शनिवार-रविवारी धबधब्याजवळ गाड्यांची रांग लागते, ते दिवस टाळावेत. रात्री घाटरस्त्यावर गाडी अगदी सावकाश चालवावी.

तिसरा दिवस : हिरण्यकेशी आणि अंधारातली बुरशी

परवा गडहिंग्लजला जी नदी लाल आणि रुंद पाहिली, ती इथे एका गुहेतून ओंजळीएवढी बाहेर पडते. गुहेत महादेवाचे ठाणे आहे आणि बाहेर कुंड. घाटाच्या कड्यावरून पश्चिमेला पडणारे पाणी काही तासांत अरबी समुद्राकडे जाते. कुंडातले पाणी घटप्रभा, कृष्णा असे करत बंगालच्या उपसागराला मिळते. कुंडाच्या तळाशी, काठावर स्तब्ध उभे राहिल्यावर, बोटाहून लहान, पट्ट्यापट्ट्यांचे मासे दिसले. ही जात २०२० मध्ये विज्ञानाला नव्याने कळली आणि तिला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नदीचेच नाव मिळाले. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने हा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला.

इथे मला एक प्रश्न पडला. कुंडावर झाडांची दाट सावली, पाण्यात शेवाळ नाममात्र. मग माशांच्या साखळीचा ‘उत्पादक’ कोण? वाटाड्याने पाण्यातले कुजलेले पान उचलून दाखवले. त्याची जाळी झाली होती. उगमाजवळचे ओढे स्वतः फारसे अन्न तयार करत नाहीत, ते काठावरच्या रानाच्या पानगळीवर जगतात. पान पाण्यात पडते, बुरशी आणि जिवाणू त्याला मऊ करतात, खेकडे व किड्यांच्या अळ्या ते कातरतात, आणि त्या अळ्यांवर व चुऱ्यावर मासे. म्हणजे या माशाला वाचवायचे तर कुंडाला कुंपण घालून भागणार नाही, वरची जांभूळ, अंजनी आणि पिसा ही झाडे उभी राहायला हवीत. एका भाविक कुटुंबाने कुंडात फुलांची परडी रिकामी करायला घेतली, तेव्हा वाटाड्याने त्यांना नम्रपणे बाजूची टोपली दाखवली. आजोबांनी ती मुकाट्याने वापरली.

संध्याकाळी घराच्या सिमेंटच्या पाण्याच्या टाकीवर, वाकलेल्या पेरूच्या पानांत, साबणाच्या फेसासारखा गोळा लटकलेला दिसला. मलबारच्या उडत्या बेडकाचे ते घरटे. फेसात अंडी सुरक्षित वाढतात आणि पिल्ले थेट खालच्या पाण्यात टपकतात. काकूंनी गेल्या महिन्यापासून ती टाकी धुतली नव्हती, आणि याबद्दल काकांची तक्रार होती. टोडाने आटणारे डबके निवडले, या बेडकाने पाण्यावरचे पान निवडले, आणि आंबोलीच्याच नावाचा एक छोटा झुडपी बेडूक असा आहे की त्याच्या अंड्यांतून शेपटीवाले भैकेर न येता थेट इवला बेडूकच बाहेर पडतो. एकाच गावात, एकाच पावसात, अंडी वाचवण्याच्या तीन रीती. त्यामुळे तिघेही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

रात्री आम्ही रानात आत गेलो. वाटाड्याने सर्व विजेऱ्या बंद करायला लावल्या. पहिली पाच मिनिटे काहीच दिसले नाही, फक्त पानांवरून गळणारे पाणी ऐकू येत होते. मग जमिनीवर एक फिकट रेघ उमटली, मग दुसरी, आणि हळूहळू कुजलेली फांदीच्या फांदी मंद हिरवट उजेडात आकाराला आली. मायसिना या प्रजातीतली ही बुरशी लाकूड कुजवताना प्रकाश देते. खरे सांगायचे तर, समाजमाध्यमांवरच्या छायाचित्रांतला झगमगाट डोळ्यांना दिसत नाही, तो कॅमेऱ्याची झडप अर्धा-अर्धा मिनिट उघडी ठेवून मिळवलेला असतो. डोळ्यांना दिसते ते चांदण्यात पडलेल्या राखेसारखे काहीतरी. मला तेच आवडले. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत ‘विघटक’ हा शब्द कोपऱ्यात, छोट्या चौकटीत असतो, आणि परीक्षेत त्यावर एका गुणाचा प्रश्न येतो. इथल्या पावसात जे लगेच धरून ठेवले नाही ते दरीत वाहून जाते. पान पडले की बुरशीच्या धाग्यांनी त्यातला सत्त्वांश उचलून मुळांपाशी पोहोचवायचा, पुढची सर येण्याच्या आत. हे रान इतके गर्द असूनही त्याच्या जमिनीत साठा थोडाच आहे. सगळी पुंजी उभ्या झाडांत आणि या धाग्यांत आहे. झाडे तोडली, की दोन-चार पावसाळ्यांत ती पुंजीही नदीने जाते. गडहिंग्लजचे लाल पाणी मला तेव्हा आठवले.

परतताना चापडा. तिसरी रात्र, तीच फांदी.

*सूचना :* बुरशी पाहायला जाताना मोबाइल खिशातच ठेवावा, एका पडद्याच्या उजेडाने सगळ्यांचे डोळे पुन्हा अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. बेडकांना हात लावू नये. त्यांची त्वचा डासांचे मलम, साबण असे सगळे शोषून घेते.

चौथा दिवस : नुसता पाऊस

पहाटेपासून पाऊस असा लागला की अंगणातली तुळस दिसेना. वीज गेली. ओसरीवर काकांशी गप्पा झाल्या. त्यांच्या नाचणीत गवे शिरतात आणि रात्री माळ्यावर बसून राखण करावी लागते, हे त्यांनी कोणतीही कटुता न आणता सांगितले. रानातले राठ गवत आणि पाने चघळण्यापेक्षा एका जागी दाट उगवलेली कोवळी नाचणी गव्याला परवडते. हिशेब त्यालाही येतो. भरपाईच्या कागदांचा हिशेब मात्र काकांना अजून येत नव्हता.

मग मी चापड्याकडे वळले. चार दिवस उपाशी कसा राहतो? काका म्हणाले, चार दिवस काय, तो पंधरा दिवसही राहील. मला लिंडमन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९४२ सालच्या कामाची आठवण झाली. एका पायरीवरची साधारण दहा टक्केच ऊर्जा वरच्या पायरीवर पोहोचते, असे आपण त्यावरून ठोकळमानाने शिकवतो, आणि मनोऱ्याच्या टोकाला थोडेच जीव का, याचे ते उत्तर आहे. पण त्या टोकाशी राहण्याचे दोन मार्ग आहेत. पक्षी आणि सस्तन प्राणी खाल्लेल्यातले बहुतेक अंग गरम ठेवण्यात जाळतात, म्हणून गरुडाला रोज फिरावे लागते. साप अंग गरम ठेवत नाही, हलत नाही, आणि म्हणून थोडक्यात भागवतो. फळ्यावर मी दोघांना शेजारच्या पायऱ्यांवर सारख्याच आकाराचे काढत आले होते. त्या आकृतीत ‘वाट पाहणे’ दाखवायला जागाच नव्हती.

आदल्या रात्री दिव्यावर आलेला अॅटलस पतंग भिंतीवर अजून होता, तळहाताहून मोठा, पंखांच्या टोकाला सापाच्या डोक्याचा भास देणारा. प्रौढ पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना साठवलेल्यावर तो काही दिवस उडतो, जोडीदार शोधतो आणि संपतो. दुपारी काकूंनी टाकळ्याची भाजी आणि नाचणीची भाकरी केली, कपडे चुलीवर वाळत टाकले आणि त्यांना आलेला धुराचा वास सांगलीला आल्यावरही दोन धुण्यांत गेला नाही.

*सूचना :* जास्तीचे कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत न्यावेत, इथे काहीही वाळत नाही. रोख पैसे जवळ ठेवावेत. पावसात वीज आणि मोबाइलची रेंज यांचा भरवसा नाही.

रात्री पाऊस थोडा ओसरला. आम्ही जेवून हात धुवत होतो, तोच वाटाड्या मागच्या दारातून भिजत आत आला आणि म्हणाला, “बाई, जेवलो.”

मी म्हटले, “बरे झाले, आम्हीही आत्ताच जेवलो.”

तो हसला. मग काकूही हसल्या, आणि मला कळले की इकडच्या बोलीत ‘जेवलो’ म्हणजे ‘तो जेवला’. आम्ही विजेऱ्या घेऊन कारवीकडे गेलो. चापडा नेहमीच्या फांदीवरून हातभर खाली, जाड खोडाला टेकून सैल पडला होता, आणि त्याच्या अंगाच्या मध्यावर मुठीएवढा फुगवटा होता.